मास्तरांची रिकामी जागा

बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना आमच्या लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहण्यास हौसेने घेऊन जातो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या लांबच लांब रांगा, कांदा हातात घेऊन पारखणारे व्यापारी, सर्वांच्या देखत मोठ्याने पुकारला जाणारा भाव आणि त्यानंतर शेतकऱ्याच्या हाती पडणारी चिठ्ठी. जुन्या काळी अनेक बाजारपेठांतून रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत असे. ज्याचा माल, त्याला सोडून बाकी सर्वांना व्यवहार ठाऊक! नियंत्रित बाजार आले आणि कायद्याने तो रुमाल काढून घेतला. आमची समिती १९४७ ची. १९६३ च्या कायद्याखाली चालणाऱ्या अशा समितीवर निवडून येणाऱ्या अठरा संचालकांमध्ये सहकारी संस्थांचे अकरा, ग्रामपंचायतींचे चार, व्यापाऱ्यांचे दोन आणि हमाल-तोलाऱ्यांचा एक असतो. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसासाठीही टेबलाशी एक खुर्ची राखलेली आहे.

बाजार समितीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तेथील राजकारण आणि भाव पडल्यावरची आंदोलने निफाड तालुक्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. परंतु खुर्ची आहे, ही गोष्ट उरतेच. लिलाव पाहून सायंकाळी निवासात परतताना दर वेळी मला एकच प्रश्न छळतो. आपल्या धर्मग्रामात त्या हमालाची खुर्ची कोठे आहे?

हा प्रश्न मी माझ्या एका स्नेही धर्मगुरूंपुढे ठेवला. सेमिनरीत आम्ही एकत्र शिकलो, एकाच वर्षी आमची दीक्षा झाली. ते हसले आणि म्हणाले, “तू लोकांना डोक्यावर चढवून ठेवतोस. अरे, चर्च म्हणजे काही लोकशाही नव्हे!” या वाक्याने बैठक संपते असा आम्हा धर्मगुरूंचा अनुभव आहे. मीदेखील ते पूर्वी वापरलेले आहे. चर्च लोकशाही नव्हे, हे खरेच. श्रद्धेची सत्ये हात वर करून ठरत नाहीत आणि ख्रिस्तयाग बहुमताने अर्पण होत नाही. परंतु चर्च लोकशाही नव्हे, यावरून ती जहागीर आहे हे कसे सिद्ध होते? संडासाची जागा कोठे असावी, दानपेटीतील पैसा कोणत्या कामी लागावा, उन्हाळी शिबिर केव्हा घ्यावे, दोन भावांच्या भांडणात मध्यस्थ कोणी व्हावे, या गोष्टी कोणत्या श्रद्धासत्यात मोडतात? तरीही त्या साऱ्या एकाच माणसाच्या एकाच टेबलावर ठरतात आणि त्या टेबलाला आपण नम्रपणे ‘सेवा’ म्हणतो.

स्नेह्यांना कायदा प्रिय आहे, म्हणून कायद्यापासूनच आरंभ करू. १९१७ च्या जुन्या कॅनन लॉमध्ये धर्मग्राम म्हणजे धर्मप्रांताच्या भूमीचा आखून दिलेला एक तुकडा होता. १९८३ च्या नव्या संहितेचे ५१५ वे कलम काढून पाहा. तेथे धर्मग्राम म्हणजे प्रथम श्रद्धावंतांचा एक स्थिर समाज आहे. तो समाज धर्मगुरूच्या पाळकीय देखरेखीखाली सोपविलेला असतो, हे पुढे येते. आधी माणसे, मग मेंढपाळ. हा क्रम सहज आलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत चर्चविषयक दस्तऐवजाचा मसुदा तयार होत असताना आचार्यांनी जाणीवपूर्वक ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण अधिकारी वर्गाच्या प्रकरणाआधी आणले. ‘लुमेन जेन्सियुम’ हा तो दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध झाला. म्हणजे साठांहून अधिक वर्षे लोटली. प्रकरणांचा क्रम बदलला, आपल्या बैठकीतील खुर्च्यांचा क्रम तेवढा बदलला नाही.

त्याच संहितेचे ५३७ वे कलम सांगते की प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असलीच पाहिजे. असावी, बरे दिसेल, असे नव्हे. असलीच पाहिजे. १२८७ वे कलम असे की श्रद्धावंतांनी जे दान दिले त्याचा हिशोब, स्थानिक नियमांना धरून, श्रद्धावंतांना द्यावयाचा आहे. आणि २१२ वे कलम तर माझ्या स्नेह्यांच्या विधानाच्या मुळावरच येते. चर्चच्या हिताविषयी आपले मत मेंढपाळांना कळविणे हा श्रद्धावंतांचा अधिकार आहे, इतकेच नव्हे, तर कधी कधी ते त्यांचे कर्तव्यही आहे, असे ते म्हणते. आता वाचकहो, प्रामाणिकपणे सांगा, आपल्या धर्मग्रामाचा वार्षिक जमाखर्च आपण शेवटचा केव्हा पाहिला? पाहिला असेल तर त्या धर्मगुरूंना माझा प्रणाम. पाहिला नसेल, तर तो रुमाल अजून हातावर आहे असे समजा. त्या रुमालाखाली चोरी होते, असे मी म्हणत नाही. बहुधा होत नाही. माझे बहुतेक बंधू धर्मगुरू स्वतःच्या खिशातून गरिबांची औषधे आणतात. पण प्रामाणिक माणसाने रुमाल वापरावाच कशाला?

धर्मग्राम परिषदेची कथा याहून करुण. ५३६ व्या कलमानुसार ती नेमणे अथवा न नेमणे महागुरुस्वामींच्या निर्णयावर आहे आणि तिचे मत सल्ल्यापुरते आहे. ‘सल्ल्यापुरते’ हा शब्द सापडताच आम्हाला हायसे वाटले. नाताळच्या आधी एकदा आणि धर्मग्रामाच्या सणाच्या आधी एकदा परिषद भरते. मंडप कोणाचा, ध्वनिक्षेपक कोणाचा, स्नेहभोजनाचे तांदूळ कोण देणार, हे तिचे विषय. अगोदरच ठरलेली कामे वाटून देण्यासाठी जी सभा भरते तिला परिषद का म्हणावे? कामवाटप म्हणावे. सल्ला म्हणजे निर्णयाआधीचे ऐकणे. निर्णयानंतरचे ऐकणे याला आपल्या भाषेत ‘सांत्वन’ असा शब्द आहे.

मी हे कोणत्या अधिकाराने लिहितो? अपराध्याच्या. पूर्वी एका धर्मग्रामात असताना मंदिराच्या आवारात चिंचेचे जुने झाड होते. मिस्सा संपल्यावर म्हातारी माणसे त्याखाली बसत, सोयरिकी तेथेच जुळत, उधारउसनवारही तेथेच चाले. मला तेथे पत्र्याची प्रशस्त शेड हवी होती. देणगीदार मिळाला, आराखडा झाला, झाड तोडून झाले, आणि मग मी परिषद बोलावली. ठराव एकमताने मंजूर झाला. मी त्या एकमतावर इतका खूष होतो की ते शांततेचे दुसरे नाव आहे हे माझ्या ध्यानी आले नाही. सभा संपल्यावर एक आजीबाई काठी टेकीत आल्या आणि म्हणाल्या, “फादर, तुम्ही आज हायेत, उद्या जाशाल. झाड आमच्या बापजाद्याचं व्हतं.” तीन वर्षांनी माझी बदली झाली. शेड आहे. तिच्याखाली दुपारी कोणी बसत नाही; पत्रा तापतो.

आजीबाईंचे वाक्य तर्काच्या दृष्टीने किती अचूक होते, हे मला फार उशिरा कळले. धर्मगुरू पाच-सहा वर्षांचा पाहुणा आणि लोक तेथले घरचे. घरच्यांना न विचारता पाहुण्याने घराच्या भिंती हलवाव्यात आणि जाताना किल्ली पुढच्या पाहुण्याकडे द्यावी, असा हा व्यवहार आहे. नवे फादर आले की नवा रंग, नवी वेळ, नवे गायनपथक. मागच्यांनी सुरू केलेला बचत गट बंद, पुढच्यांची भजनी मंडळी सुरू. एकट्याच्या नेतृत्वात सातत्य राहत नाही याचे कारण त्या एकट्याचे दोष नव्हेत. त्याच्या बदलीचे पत्र हेच कारण पुरेसे आहे. जे नेतृत्व लोकांत वाटलेले असते त्याची बदली होत नाही.

आणि या मुलखात ते एकेकाळी लोकांत वाटलेले होते! नेतृत्वाचे वाटप हे कोणी युरोपातून आणलेले फॅड आहे असे जे समजतात त्यांनी आपल्याच गावचा इतिहास विसरावा, याचे मला नवल वाटते. आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला, त्याच्या पहिल्या महागुरुस्वामीपदी थॉमस भालेराव आले. पण या भागातील कॅथलिक समाजाची मुळे त्याहून शंभर वर्षे मागे, अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधील, येशूसंघीय मिशनमध्ये आहेत. मोजके धर्मगुरू, शेकडो खेडी, रस्ते नाहीत, नद्यांना पूल नाहीत. तेव्हा गावोगाव मंडळी कोणी सांभाळली? मास्तरांनी.

माझे आजोबा असे एक मास्तर होते. सकाळी एकशिक्षकी शाळा, सायंकाळी घंटा वाजवून प्रार्थना, रविवारी शास्त्रवाचन आणि त्यावर चार शब्द. मूल मरणाच्या दारी असेल तर बाप्तिस्मा तेच देत. कोणी वारले तर प्रार्थना म्हणून माती तेच देत. तलाठ्याकडे अर्ज, सावकाराला जबाब, मुंबईस गिरणीत गेलेल्या पोराला पत्र, नवरा-बायकोची समजूत, हे सारे त्यांच्याच ओट्यावर होई. फादर घोड्यावरून येत, महिना-दोन महिन्यांतून एकदा. आले की पापनिवेदन, मिस्सा, लग्ने, आणि मग मास्तरांशी रात्रभर बोलणे. आजी सांगे की फादर विचारत आणि आजोबा सांगत. या ‘विचारत’ शब्दावर मी हल्ली फार विचार करतो. गावात कोणाचे काय चालले आहे हे फादरांना ठाऊक नसे आणि ते ठाऊक नाही हे त्यांना ठाऊक असे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. मुंबई-पुणे मिशनमधील येशूसंघीय बहुतांशी जर्मन होते, म्हणजे इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक. त्यांपैकी अनेकांना नजरकैदेत ठेवले गेले आणि १९१६ पर्यंत बहुतेकांची रवानगी देशाबाहेर झाली. पुढे पुण्याकडचे काम स्विस येशूसंघीयांनी उचलले, पण ते नंतर. मधल्या त्या वर्षांत हाताशी उरलेले थोडे धर्मगुरू किती गावांना पुरे पडणार? मंडळी तरीही टिकली. ती टिकली म्हणून तर आपण हे त्रैमासिक हातात धरून बसलो आहोत. नगर-नाशिकच्या ख्रिस्ती घराण्यांनी आपल्या वंशावळीत शोध घ्यावा. एखादा मास्तर निघाल्यावाचून राहणार नाही.

मग मास्तर गेले कोठे? माझे उत्तर अनेकांना चमत्कारिक वाटेल. फटफटी आली आणि मास्तर गेले. जेथे फादर दोन महिन्यांनी जात तेथे आठवड्याला जाऊ लागले. पुढे जीप आली, रस्ते झाले. ही आनंदाची गोष्ट होती, लोकांना ख्रिस्तप्रसाद वारंवार मिळू लागला. पण जे काम दुसऱ्यावाचून होतच नव्हते ते आता एकट्याने करणे शक्य झाले, आणि जे शक्य होते ते आम्ही केले. एकट्या फटफटीला दोष देणे अन्यायाचे होईल. गावात जिल्हा परिषदेच्या शाळा आल्या, मिशनच्या लहान शाळा एकेक करून मिटल्या, मास्तरांचा तुटपुंजा पगार थांबला, त्यांची शिकलेली मुले पुण्या-मुंबईस गेली. तरीसुद्धा पगार थांबला म्हणून मान थांबवण्याचे काही कारण नव्हते. आम्ही मास्तरांची जागा रिकामी केली आणि तिच्यावर स्वतःचे जाकीट ठेवले.

याच जिल्ह्यांतील प्रॉटेस्टंट बांधवांकडे पाहिले तर नारायण वामन टिळकांसारखा माणूस दिसतो. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. परदेशी मिशनरी मालक आणि देशी ख्रिस्ती नोकर, हे नाते त्यांना बोचत होते. आज आमच्यात परदेशी मिशनरी जवळजवळ उरलेले नाहीत. प्रमुख धर्मगुरू आपल्याच रक्ताचे, आपल्याच बोलीचे आहेत. म्हणून मालक-नोकर हे नातेही संपले, असे मानण्याचा मोह होतो. मला तशी खात्री वाटत नाही. मालकाचा रंग बदलला की मालकी जाते, हा स्वराज्याविषयीचा भोळा समज आपण राजकारणात केव्हाच सोडून दिला आहे.

केरळातील संत थोमासच्या ख्रिस्ती समाजात पळ्ळियोगम नावाची प्राचीन सभा आहे. धर्मगुरू आणि कुटुंबांचे प्रमुख एकत्र बसून मंदिराची मालमत्ता, जमाखर्च, समाजातील तंटे यांचा विचार करतात. पोर्तुगीज आले त्याच्या कितीतरी आधीपासूनची ही रीत आहे. म्हणजे भारतीय ख्रिस्ती माणसाला हे जमत नाही, असे कोणी म्हणू नये. कोरियात तर १७८४ साली एक तरुण पेकिंगहून बाप्तिस्मा घेऊन आला आणि प्रापंचिकांनीच चर्च उभी केली. दहा वर्षांनी पहिला चिनी धर्मगुरू लपतछपत पोहोचला तेव्हा हजारो श्रद्धावंत त्याची वाट पाहत होते. जपानमधील नागासाकीच्या लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांनी दोन शतकांहून अधिक काळ एकाही धर्मगुरूवाचून श्रद्धा राखली. गावातील एकजण प्रार्थनांचे दिवस मोजी, एकजण बाप्तिस्मा देई. १८६५ साली फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना ते भेटले तेव्हा कोणी कोणाला सुवार्ता सांगितली, हा मला नेहमीच पडणारा प्रश्न आहे.

आता माझी तोफ थोडी वळवितो, कारण हे अंक धर्मगुरूंपेक्षा कुटुंबांतून अधिक वाचले जातात. वाचकहो, आम्ही जागा बळकावली हे खरे, पण ती तुम्ही सोडलीत म्हणून! “फादर, तुम्हीच ठरवा, तुमचा शब्द शेवटचा” हे वाक्य मी गेल्या पंचवीस वर्षांत किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. ते नम्रतेचे वाटते. पुष्कळदा ते आळसाचे असते, आणि क्वचित लबाडीचेही. फादरांनी ठरविले म्हणजे चुकले तर फादरांचे चुकले आणि चिंचेखाली बसून बोलायला विषय मिळाला. सोसायटीच्या निवडणुकीत रात्र रात्र जागणारा माणूस अर्थ समितीच्या बैठकीस ‘कांदा चाळीत भरायचा आहे’ म्हणून येत नाही. कांदा भरायचा असतो हे मला कळते. पण सोसायटीच्या वेळी तो कसा थांबतो?

दुसरी तक्रार याहून गंभीर. जेथे परिषदा खरोखर जाग्या असतात तेथे त्या चार घरांच्या होऊन बसतात. मोठी भावकी, कंत्राटदार, निवृत्त साहेब आणि फादरांच्या निवासात चहा घेणारे दोघे. याला सामायिक नेतृत्व म्हणणे म्हणजे एका जहागिरीच्या चार जहागिऱ्या करणे होय. गोव्यात हे आपल्यापुढे घडलेले आहे. तेथील कोंफ्रारी म्हणजे प्रापंचिकांच्याच संस्था. सण, मिरवणुका, मंदिराचा खर्च त्यांच्या हाती. पण कित्येक ठिकाणी त्यांचे सभासदत्व आणि मान विशिष्ट जातींच्या, विशिष्ट गावकर घराण्यांच्या मुठीत राहिले, आणि कुंकळ्ळीसारख्या गावी त्यावरून दीर्घकाळ कटुता माजली. वेदीपुढे एकाच पोळीचे भागीदार आणि मिरवणुकीत आपापल्या जागा ठरलेल्या! आपल्याकडे जातीचा उल्लेख केला की लोक चपापतात. चपापू नये. आपण कोणकोणत्या वाड्यांतून येऊन एका मंदिरात बसलो हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या वाड्यांची जुनी अंतरे बाकांच्या रांगांत अजून मोजता येतात.

यावर उपाय काय? परत सर्व फादरांकडे देणे हा नव्हे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. कुरकुर झाली. प्रेषितांनी काय केले? कुरकुर करणाऱ्यांना उपदेश केला नाही, स्वतः वाटप हाती घेतले नाही, आपल्या मर्जीतील सात माणसे नेमलीही नाहीत. सर्व मंडळीस बोलावून तुम्हीच सात निवडा असे सांगितले, आणि निवडलेल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. निवड लोकांची, अभिषेक प्रेषितांचा. आणि त्या सातांची नावे पाहा. स्तेफन, फिलिप, प्रखर... सातही ग्रीक! जे डावलले जात होते त्यांच्याच माणसांच्या हाती वाटपाची पळी आली. सेमिनरीत हा उतारा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. नावांकडे मात्र कोणी लक्ष वेधले नव्हते.

याच न्यायाने आपल्या परिषदेत सर्वाधिक जागा कोणाच्या असाव्यात, हे सांगण्यास पंडित नको. रविवारच्या मिस्सेला बाकांवर बसलेल्या माणसांत स्त्रिया अधिक असतात हे मोजून पाहा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आमच्या परिसरातील एक ख्रिस्ती भगिनी ग्रामपंचायतीत निवडून आलेली आहे. पाणीपुरवठ्याच्या कामावर ती लाखांचे हिशोब तपासते. मंदिरात मात्र तिच्याकडे वेदीची फुले. एकदा हसतच मला म्हणाली, “फादर, तिथं माझी सही लागते, इथं माझा हार लागतो.” मीही हसलो. हसण्यासारखे त्यात काय होते ते मला नंतर आठवेना. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक या अधिकृत सेवा स्त्रियांना खुल्या केल्या, त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षक ही चर्चची अधिकृत सेवा म्हणून स्थापन केली. मास्तरांची जागा रोमने परत मांडून दिली आहे. तिच्यावरचे जाकीट उचलण्याचे काम रोम करणार नाही.

२०२१ ते २०२४ या काळात सिनोदची प्रक्रिया झाली. प्रश्नावल्या आल्या. एका ठिकाणी त्या दोन माणसांनी एका दुपारी भरून टाकल्याचे मी पाहिले आहे. उत्तरे सुंदर होती. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी अंतिम दस्तऐवज मंजूर झाला. पाळकीय परिषदा ऐच्छिक न राहता अनिवार्य कराव्यात, त्या नावापुरत्या असू नयेत, अधिकाऱ्यांनी हिशोब द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी त्यावर वेगळे पत्र न लिहिता तोच दस्तऐवज चर्चला दिला. २१ एप्रिल २०२५ रोजी ते निवर्तले. काही बंधूंना वाटते की तो विषयही त्यांच्यासोबत पुरला गेला. तसे वाटणाऱ्यांनी संत सिप्रियान यांची पत्रे वाचावीत. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या या महागुरूंनी आपल्या धर्मगुरूंना लिहून ठेवले आहे की आपल्याशी मसलत केल्याशिवाय आणि लोकांच्या संमतीवाचून केवळ स्वतःच्या मताने काही करावयाचे नाही असा निश्चय मी पदावर आलो तेव्हाच केला. संत बेनेदिक्त यांनी सहाव्या शतकात आपल्या मठाच्या नियमात महत्त्वाच्या कामी सर्व बंधूंना, अगदी धाकट्यालाही, विचारावे असे घातले, कारण देव पुष्कळदा धाकट्याच्या तोंडून बोलतो. यात फ्रान्सिस यांनी नवे काय आणले? विसरलेले आठवून दिले.

एक आक्षेप राहिला, आणि तो मला मनापासून पटतो. लोकांना बरोबर घेऊन चालण्यास वेळ लागतो. मी एकटा दहा मिनिटांत ठरवीन ते परिषदेत तीन बैठका खाते. भांडणे होतात. एका बैठकीत तर दोघे उठून गेले आणि दोन रविवार मिस्सेला आले नाहीत. तेव्हा एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारले, “फादर, कशाला हे ओढवून घेतलं?” मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. तिसऱ्या रविवारी ते दोघे परत आले, कारण त्यांना बोलावण्यासाठी परिषदेतील एक बाई त्यांच्या घरी गेली होती. मी गेलो नव्हतो. माझ्या लक्षातच आले नव्हते की ते येत नाहीत.

परदेशी देणग्यांचे नियम २०१० आणि त्यानंतर २०२० मध्ये अधिक कडक झाले. बाहेरून येणारी गंगाजळी आटत चालली आहे आणि यापुढे धर्मग्राम बहुधा लोकांच्याच दानावर चालवावा लागेल. तेव्हा पैसे देणारा विचारणारच, म्हणून आता तरी विचारा, असा युक्तिवाद काही जण करतात. व्यवहार म्हणून तो ठीक. पण मला तो आवडत नाही. ज्या मजूर बाईच्या हातून वर्षाकाठी पन्नास रुपये येतात तिचाही विचारला जाण्याचा अधिकार तितकाच आहे, आणि तो तिला दानपेटीतून मिळालेला नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून मिळालेला आहे.

आमच्याकडे गेल्या वर्षापासून जमाखर्चाचा कागद वर्षातून दोनदा मंदिराच्या दाराशी लावला जातो. पहिल्या वेळी तो वाचायला कोणी थांबले नाही. दुसऱ्या वेळी एका मुलाने बेरजेतील चूक दाखविली, चाळीस रुपयांची, आणि ती माझी होती. परिषदेत आता सोळाजण आहेत. त्यांतील आठ स्त्रिया असून प्रत्येक वाडीतून एक माणूस लोकांनी निवडलेला आहे. बाजारात हमाली करणारा एकजणही आहे. विषयपत्रिका सचिव तयार करतात, मी नव्हे. पहिल्याच मोठ्या विषयावर माझी हार झाली. मंदिरासमोर कमान व्हावी अशी माझी तीन वर्षांची इच्छा होती, नकाशा माझ्या कपाटात तयार होता. हमालदादांनी विचारले की मिस्सेला लांबून येणाऱ्या बायाबापड्यांनी लघवीला जायचे कोठे? मी कमानीविषयी पुन्हा बोललो. कोणी विरोध केला नाही, कोणी पाठिंबाही दिला नाही. मग मत घेतले. स्वच्छतागृहाचे काम उन्हाळ कांद्याची काढणी उरकली की सुरू होईल; तोवर मजूर मिळत नाहीत. कमानीचा नकाशा कपाटातच आहे, आणि त्याचे काय करावे हा विषय अजून कोणी पत्रिकेवर घेतलेला नाही.